पायरी : पायाखालची आणि माथ्यावरची

आषाढ शुद्ध एकादशीस पंढरीत लोटणाऱ्या जनसागरातील प्रत्येकास विठुरायाच्या चरणांवर मस्तक ठेवण्याचे भाग्य लाभतेच असे नाही. दर्शनाची रांग गोपाळपुराच्या दिशेने दूरवर गेलेली असते, उभ्या उभ्या पाय भरून येतात, शेतात पेरणीची घाई असते आणि दिंडीचा परतीचा दिवसही ठरलेला असतो. अशा वेळी कित्येक वारकरी चंद्रभागेत स्नान करून महाद्वारापाशी येतात, नामदेव पायरीवर माथा टेकतात, मान उंचावून कळसाकडे पाहतात आणि वारी पोचली असे मानून समाधानाने माघारी वळतात. दीड-दोन आठवडे चालून आलेला माणूस देवाच्या दारातून आत न जाता परततो आणि त्याच्या मुखावर खंतीची रेषाही नसते, हे नवख्याला मोठे कोडे वाटते.

खरे कोडे मात्र निराळेच आहे. पायरी ही मुळात पाय ठेवण्यासाठी घडविलेली वस्तू. तिच्या नावातच पाय आहे. त्या वस्तूवर लाखो लोक डोके टेकवितात आणि तिच्यावर पाय पडू नये म्हणून जपून ओलांडून जातात. पायाखालचा दगड माथ्यावर जाऊन बसण्याचे असे दुसरे उदाहरण आपल्या लोकजीवनात सहसा सापडणार नाही. आजच्या पुण्यदिनी या एका शब्दाचाच मागोवा घ्यावा, असे मनात आले.

देवळाच्या स्थापत्यात पायरीचे काम साधे असते. मंदिर उंच जोत्यावर उभे असते आणि त्या जोत्यावर चढविते ती पायरी. गाभाऱ्याच्या दाराशी उंबरठ्यावर बहुधा कीर्तिमुख कोरलेले असते आणि त्याच्यापुढे अर्धचंद्राकृती चंद्रशिला असते. तीही एका अर्थाने पायरीच. पण शिल्पकाराने तिला शंख आणि वेलपत्तीने सजविलेले असते. बाहेरच्या पायऱ्यांना हा मान क्वचितच मिळतो. त्या झिजण्यासाठीच असतात. जुन्या देवळाची पायरी मध्यभागी खोलगट झालेली दिसली, की पिढ्यान्‌पिढ्यांचे पाय त्या दगडात उमटले आहेत हे ध्यानी येते. कोणत्याही शिलालेखाहून मला हा लेख अधिक विश्वासाचा वाटतो.

वर नेणाऱ्या पायऱ्या असतात तशा खाली नेणाऱ्याही असतात. वेरूळचे शिवालय तीर्थ पाहावे. अठराव्या शतकात अहिल्यादेवी होळकरांनी जीर्णोद्धार केलेल्या त्या कुंडात चारही बाजूंनी पायऱ्या उतरत जातात आणि त्यांच्या टप्प्यावर आठ लहान देवळे उभी आहेत. तेथे माणूस जितका खाली उतरेल तितका तीर्थाच्या जवळ जातो. साताऱ्याजवळ लिंब येथील बारा मोटेच्या विहिरीतही ऐसपैस पायऱ्यांनी उतरावे लागते. नदीच्या घाटांचे काय सांगावे! घाट म्हणजे तर सारी पायऱ्यांचीच वस्ती. सारांश, पायरी चढली की देव भेटतो आणि उतरली की पाणी भेटते.

भाषेत शिरल्यावर हा शब्द अधिकच चमत्कारिक वागू लागतो. अपयश ही यशाची पहिली पायरी, असे आपण मुलांना धीर देताना म्हणतो. तेथे पायरी म्हणजे टप्पा. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे वडीलधारे बजावतात. तेथे पायरी म्हणजे ते सगळे स्थानच. आंब्याच्या दिवसांत बाजारात पायरी येते, पण तिचा आपल्या पायरीशी संबंध नाही; त्या नावाचा उगम पोर्तुगीज 'पेरेस'कडे दाखवितात. आणि मग येतात ते बोचरे वाक्प्रचार : पायरीने वागणे, पायरी ओळखून असणे, पायरी सोडणे. येथे पायरी म्हणजे माणसाची ठरवून दिलेली जागा. तीही वरच्याने खालच्याला दिलेली. 'आपली पायरी ओळख' असे खालच्याने वरच्याला म्हटल्याचे निदान माझ्या कानी तरी आलेले नाही.

माझ्या आजोळच्या वाड्याला तीन पायऱ्या होत्या. आजी पहाटे त्या धुऊन घेई आणि सर्वांत खालच्या पायरीलगत रांगोळी काढी. आप्तेष्ट तिन्ही पायऱ्या चढून आत येत. वाणी, शिंपी दुसऱ्या पायरीपर्यंत येऊन बोलत. सुगीनंतर धान्याचा वाटा नेण्यासाठी गावकुसाबाहेरून एक वृद्ध गडी येई, तो रांगोळीच्याही अलीकडे उन्हात उभा राही. आजी वरून त्याच्या पसरलेल्या उपरण्यात ज्वारी ओती. कोणी कोठवर यावे याचा नियम कोठे लिहिलेला नव्हता; तथापि तो सर्वांस पाठ होता. आजी एकादशी कधी चुकविणारी नव्हती. तिच्या भक्तीत खोट होती असे मी आजही म्हणणार नाही. परंतु पायरी या शब्दाचे दोन अर्थ एकाच दारात नांदत होते, हे खरे.

त्यातील दुसऱ्या अर्थाला पंढरीच्या महाद्वारात नामदेवरायांनी उत्तर देऊन ठेवले आहे.

नामदेवांची मागणी

शिंप्याच्या घरी इ. स. १२७० मध्ये जन्मलेले नामदेव हे देवाचे लाडके भक्त. त्यांच्या हातचा नैवेद्य बालपणी विठ्ठलाने प्रत्यक्ष खाल्ला, अशी कथा आपण मुलांना सांगतो. अशा लाडक्यालाही आपली पायरी एकदा कळली होती. तेर येथे गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली असताना मुक्ताबाईंनी गोरोबांस मडकी पारखावयास सांगितली. गोरोबांनी थापटणे घेऊन एकेका संताच्या मस्तकावर थापट मारली. सारे शांत बसले. नामदेव मात्र रागावले. 'हे मडके कच्चे' असा निवाडा झाला. दुखावलेले नामदेव पंढरीस परतले आणि देवाच्याच सांगण्यावरून औंढा नागनाथ येथे विसोबा खेचरांकडे गेले. शिवपिंडीवर पाय ठेवून निजलेल्या त्या गुरूने, जेथे देव नाही तेथे माझे पाय उचलून ठेव, असे म्हटले आणि नामदेवांस पाय ठेवावयास देवाविना रिकामी जागा सापडेना. ही कथाही पुन्हा पायांचीच आहे. कोणते स्थान उच्च आणि कोणते नीच, हा हिशेबच त्या दिवशी मोडला.

पुढे नामदेवांनी भागवतधर्माचा ध्वज उत्तरेत नेला. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे समाविष्ट आहेत. पंजाबातील घुमान येथे त्यांचे देहावसान झाले, अशी तिकडील भाविकांची श्रद्धा आहे. त्याच घुमानात २०१५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. आपली परंपरा मात्र सांगते, की शके १२७२ म्हणजे इ. स. १३५० मध्ये, आषाढ वद्य त्रयोदशीस, नामदेवांनी आपल्या परिवारासह पंढरीच्या महाद्वारातील पहिल्या पायरीखाली समाधी घेतली. एकादशीपासून अवघ्या सतराव्या तिथीला तो पुण्यदिन येतो.

त्यांनी ही जागा का मागितली? संतांचे आणि भक्तांचे चरण आपल्या माथ्यावर अखंड पडत राहावेत म्हणून, असे परंपरा सांगते. सलोकता, समीपता, सरूपता, सायुज्यता अशा मुक्तीच्या चढत्या श्रेणी शास्त्रांनी सांगितल्या आहेत. योगवासिष्ठात ज्ञानाच्या सात भूमिका आहेत. श्रवणापासून आत्मनिवेदनापर्यंत भक्तीही नवविधा आहे. माणूस या श्रेणी चढू पाहतो. नामदेवांनी चढणे सोडून स्वतःच पायरी होणे पसंत केले. देवळाच्या आत चौऱ्यांशीचा लेख म्हणून प्रसिद्ध असलेला शिलालेख आहे. इ. स. १२७३ ते १२७७ या काळात मंदिरास दाने देणाऱ्यांची नावे त्यात कोरलेली आहेत आणि चौऱ्यांशीचा फेरा चुकावा म्हणून भाविक त्याला पाठ घासत आले आहेत. दाते असे भिंतीच्या दगडावर नावांनी राहिले. नामदेव पायाखालच्या दगडात राहिले आणि त्यांचेच नाव पायरीला मिळाले.

तरीही कोणी त्या पायरीवर पाय ठेवीत नाही. ज्याने पायधूळ मागितली त्याला लोकांनी ती दिली नाही. आपले कपाळ दिले. नामदेवरायांस हे रुचले असते काय, असा प्रश्न महाद्वारी उभे राहिल्यावर माझ्या मनात दरवेळी येतो.

पायरीपासून पायरीपर्यंत

पालखीच्या वाटेने एकदा या शब्दाचे बोट धरून चालून पाहावे. ज्येष्ठ वद्य अष्टमीस श्रीज्ञानेश्वरमहाराजांची पालखी आळंदीहून प्रस्थान ठेविते. तेथील समाधिमंदिराच्या महाद्वारातही एक पायरी आहे. ती हैबतबाबांची. साताऱ्याकडील आरफळचे हैबतराव हे ग्वाल्हेरच्या शिंदे दरबारातील सरदार. मानमरातब मागे ठेवून ते आळंदीस आले आणि माउलींच्या सेवेत रमले. त्यापूर्वी ज्ञानोबांच्या पादुका तुकोबांच्या पादुकांसमवेत जात असत. तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ मध्ये ती प्रथा घातली होती. हैबतबाबांनी १८३२ च्या सुमारास माउलींचा स्वतंत्र सोहळा सुरू केला. दिंड्यांचा क्रम, भजनाची शिस्त, अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व, असे जे सारे वैभव आज आपण डोळे भरून पाहतो त्याची घडी त्यांनीच बसविली. एवढे करून त्यांनीही शेवटी पायरीच पत्करली. कार्तिकातील संजीवन समाधी सोहळ्याचा आरंभ आजही हैबतबाबांच्या पायरीच्या पूजनाने होतो. सरदाराला आपली पायरी कोणी शिकविली नव्हती. त्याने ती नामदेवांपासून घेतली असावी.

दिवेघाटाची चढण चढून पालखी सासवडला विसावते. तेथे सोपानकाकांची समाधी आहे. सोपान या संस्कृत शब्दाचा अर्थच मुळी जिना, पायऱ्यांची ओळ. निवृत्ती, ज्ञान, सोपान, मुक्ती! विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाई यांनी आपल्या चार लेकरांची नावे ठेविली तेव्हा जणू एक संपूर्ण शास्त्रच पाळण्यात घातले. ज्ञान आणि मुक्ती यांच्यामध्ये जो उभा आहे त्याचे नाव पायरी आहे. चार भावंडांत सोपानकाकांविषयी सर्वांत कमी बोलले जाते, हेही नावाला शोभूनच झाले म्हणावयाचे. जिन्याकडे कोण थांबून पाहतो? ज्याला वर जावयाचे असते त्याची दृष्टी पुढेच असते. ज्ञानदेवांपाठोपाठ महिन्याभरातच, शके १२१८ च्या मार्गशीर्ष वद्य त्रयोदशीस, सोपानदेवांनी सासवडला कऱ्हेकाठी समाधी घेतली. त्यांचीही पालखी येथूनच पंढरीस निघते.

पुढचा मुक्काम जेजुरी. गडाला नऊ लाख पायऱ्या आहेत असे लोक गातात. प्रत्यक्षात त्या काही शेच आहेत. हा हिशेब चुकलेला नाही. जेथे दीपमाळांतून भंडारा उधळीत, नवरी कडेवर घेऊन नवरा पायऱ्या चढतो, तेथे मोजणी कोणी करावयाची?

अशा रीतीने सुमारे अडीचशे किलोमीटरची ही वाट हैबतबाबांच्या पायरीपासून निघते आणि नामदेवांच्या पायरीपाशी पोचते. गाभाऱ्याचे दर्शन न होताही वारकरी तृप्त का असतो, याचे उत्तर कदाचित येथेच आहे. त्याची वाट जेथे पोचावयाची तेथे पोचलेली असते.

पायरीसमोरचे चोखोबा

नामदेव पायरीसमोर, महाद्वाराच्या बाहेर, चोखामेळ्यांची समाधी आहे. आपण तिच्यापुढेही हात जोडतो. पण ती तेथे का आहे, हे सणाच्या दिवशीही विसरता कामा नये.

चोखोबा मंगळवेढ्याचे. जन्माने महार, आणि म्हणून मंदिरात प्रवेश नाही. त्यांची भक्ती बाहेरूनच चालली. चंद्रभागेच्या पैलतीरी त्यांनी दीपमाळ उभारली, असे सांगतात. इ. स. १३३८ मध्ये मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता ते कोसळले आणि इतर मजुरांसमवेत चोखोबा त्याखाली गतप्राण झाले. गावाचे रक्षण करणारी ती भिंत. तिच्या आत राहण्याचा अधिकार नसलेले लोक ती बांधीत होते. वार्ता कळताच नामदेव धावून गेले. ढिगाऱ्यातील अस्थींमधून चोखोबांच्या अस्थी ओळखावयाच्या कशा? ज्या अस्थीतून विठ्ठलनामाचा ध्वनी उठला ती चोखोबांची, अशी ती हृदयद्रावक कथा आहे. त्या अस्थी पदरात घेऊन नामदेव पंढरीस आले आणि महाद्वारासमोर त्यांनी समाधी बांधली.

आता या दोन सनांकडे पाहावे. चोखोबांची समाधी १३३८ ची आणि नामदेवांची १३५० ची. म्हणजे ज्या पायरीखाली नामदेव विसावले तिच्या समोर कोण आहे, हे त्यांना पुरते ठाऊक होते. ती समाधी त्यांनी स्वहस्ते बांधविली होती. देवळात जागांची वाण नव्हती. नामदेवांसारख्या भक्ताने सभामंडप मागितला असता तर त्यास कोण नाही म्हणते? त्यांनी अगदी पहिली, सर्वांत खालची, बाहेरच्या बाजूची पायरी घेतली. चोखोबांस जेथवर येता आले त्याला लागून असलेली ही जागा होय. परंपरेत पायधुळीचे कारण सांगितले आहे आणि ते शिरोधार्य आहेच. पण मला त्या जागेच्या निवडीत मित्राची सोबतही दिसते. हा माझा तर्क आहे. वारकरी वाचकांनी तो पटल्यास घ्यावा.

त्या मधल्या काही हातांचे अंतर तोडावयास मात्र सहाशे नऊ वर्षे लागली. मध्यंतरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरले आणि त्यांनी ओंजळभर पाणी प्राशन केले. २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे त्यांचा सत्याग्रह सुरू झाला; दार उघडले नाही. त्याच बाबासाहेबांनी १९४८ मध्ये अस्पृश्यांच्या उगमाविषयीचा आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला आहे.

पंढरीचे दार उघडावे म्हणून साने गुरुजींनी १९४७ च्या आरंभी गावोगाव हिंडून लोकांस विनविले. शेवटी १ मे रोजी पंढरपुरात, तनपुरे महाराजांच्या मठात, त्यांनी उपोषण आरंभिले. विरोध मोठा होता आणि तो करणारे लोकही स्वतःस धर्मनिष्ठच म्हणवीत होते. दहा दिवसांनी, १० मे रोजी, मंदिर हरिजनांस खुले करण्याचे ठरले आणि गुरुजींनी उपोषण सोडले. स्वातंत्र्याला तेव्हा तीन महिने अवकाश होता. गाभाऱ्यातील सेवेच्या हक्कांचा प्रश्न पुढेही राहिला. १९७३ मध्ये पंढरपूर मंदिरांविषयीचा कायदा झाला, मंडळी कोर्टाची पायरी चढली आणि बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क संपल्याचा निर्णय जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात कायम झाला. शहाण्याने चढू नये अशी ती पायरी चाळीस वर्षे झिजली.

आजोळच्या वाड्याची गोष्ट अर्धी राहिली आहे. आजीने अखेरची वारी केली तेव्हा मी दहा वर्षांचा होतो आणि तिच्या पिशवीचा भार माझ्याकडे होता. रांग फार लांब होती. तिच्याने उभे राहवले नाही. तिने नामदेव पायरीवर माथा टेकला आणि उठून मागे वळली, तो समोर चोखोबांची समाधी. इतक्या वाऱ्यांत तिने ती पाहिली नसेल असे नाही. त्या दिवशी ती तेथे बराच वेळ उभी राहिली. मग कनवटीची तुळशीची पाने माझ्या हाती देऊन तिने ती वाहावयास सांगितली. स्वतः वाहिली नाहीत.

त्या वर्षी सुगीनंतर तो वृद्ध गडी नेहमीप्रमाणे आला आणि रांगोळीच्या अलीकडे उभा राहिला. आजी सूप घेऊन दारात आली, क्षणभर घुटमळली आणि म्हणाली, "ऊन फार आहे बाबा, वर सावलीत बैस." तो पहिल्या पायरीवर, अगदी काठाशी, अंग चोरून बसला. आजी तिसरीवरून उतरून दुसरीवर आली आणि तिने वाकून त्याच्या उपरण्यात ज्वारी घातली. आत या, असे ती कधीच म्हणाली नाही.